वैरागडची राजधानी आणि जॅरोचा साधू

गुरुजींची मागणी साधी आहे. वैरागडच्या किल्ल्यापाशी एक फलक लागावा आणि सातव्या शतकात चिनी भिक्षू ह्यूएनत्संग या नगरीत येऊन गेला, असं त्यावर लिहिलेलं असावं. आरमोरी तालुक्यातल्या शाळांत त्यांनी बरीच वर्षं इतिहास शिकवला. मी त्यांची विद्यार्थिनी, आता गडचिरोलीत महाविद्यालयात तोच विषय शिकवते. फलकावरून आमचं जे बोलणं झालं ते फलकापाशी थांबलं नाही, थेट इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावरच्या एका ख्रिस्ती मठापर्यंत गेलं. ते थोडं आवरून इथे देते.

गुरुजी : तुझा विरोध काऊन आहे ते आधी सांग. १८७३ साली लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात जेम्स फर्ग्युसननं लिहून ठेवलं आहे. ह्यूएनत्संगानं पाहिलेली कोसल देशाची राजधानी एक तर वैरागड, नाही तर भांदक. दोहोंत त्याचा कौल वैरागडला. फर्ग्युसन म्हणजे भारतीय वास्तुकलेचा इतिहास लिहिणारा माणूस, कोणी ऐरागैरा नव्हे.

मी : त्याच्या दोनच वर्षं आधी पुरातत्त्वज्ञ कनिंगहॅमनं चांद्याचं, म्हणजे आजच्या चंद्रपूरचं, नाव घेतलं होतं. सोबत नागपूर, अमरावती, एलिचपूर हीही नावं होती. गुरुजी, ही नावं येतात कुठून ते बघा. ह्यूएनत्संग सांगतो, कलिंगाहून वायव्येला सुमारे १८०० ली गेलं की कोसल लागतो. आता एक ली म्हणजे किती? मैलाला सहा ली धरले तर अंतर ३०० मैल भरतं, पाच धरले तर ३६०. मोजायचं कुठून, कलिंगाची राजधानी नेमकी कोणती, यावर पुन्हा मतभेद. फर्ग्युसननं सहा धरले म्हणून वैरागड आलं. पाच धरणाऱ्याला नागपूर सापडलं. यात वीट नाही, नाणं नाही, शिलालेख नाही. नकाशा आणि गुणाकार, एवढंच.

गुरुजी : आणि छत्तीसगडातल्या सिरपूरला वीट आहे.

मी : भरपूर आहे. महानदीच्या काठी १९५०च्या दशकात मोरेश्वर दीक्षितांनी खोदकाम केलं आणि विहार निघाले, मूर्ती निघाल्या, महाशिवगुप्त बालार्जुनाच्या काळचा लेख निघाला. पुढच्या खोदकामांत आणखी विहार सापडले. ह्यूएनत्संग म्हणतो, कोसलात शंभरेक संघाराम आहेत आणि दहा हजारांच्या आसपास भिक्षू. असं वर्णन ज्या जमिनीवर टेकू शकतं ती सिरपूरची जमीन आहे. आज बहुतेक अभ्यासक तिकडेच बोट दाखवतात.

गुरुजी : मग भांदकच्या, म्हणजे आजच्या भद्रावतीच्या, विजासनच्या लेण्यांत बुद्ध बसला आहे तो कोणासाठी?

मी : तिथल्या भिक्षूंसाठी, तिथल्या माणसांसाठी. लेणी खरीच आहेत, पण लेणी असली म्हणून राजधानी ठरत नाही. भवदेव रणकेसरीचा शिलालेख आठवतो ना? बुद्धाच्या मंदिराचा जीर्णोद्धार सांगणारा. बरीच वर्षं तो भांदकचा म्हणून मोजला गेला, भांदकच्या दाव्याला त्याचा मोठा आधार होता. नंतर वा. वि. मिराशींनी तो छत्तीसगडातल्या आरंगचा असल्याचं मांडलं. दगड एका जागचा, कीर्ती दुसऱ्या जागेला, असं होऊन चालत नाही.

गुरुजी थोडा वेळ बोलले नाहीत. मग त्यांनी जे सांगितलं ते मला शिकवत असताना कधी सांगितलं नव्हतं. १६ ऑक्टोबर १९५६ला चांद्यात बाबासाहेबांनी धम्मदीक्षा दिली, नागपूरनंतर दोनच दिवसांनी. त्या गर्दीत वडिलांच्या खांद्यावर बसून ते होते. सोहळा त्यांना आठवत नाही, वडिलांच्या डोक्यावरचा पांढरा रुमाल तेवढा आठवतो. पुढे मराठी शाळेच्या पुस्तकात ह्यूएनत्संगाचा धडा आला. तेव्हा त्यांना वाटलं, आपण नव्यानं कुठे गेलेलो नाही. आपल्या जंगलात हे आधीपासून होतं, आणि चीनहून आलेल्या माणसानं ते पाहून लिहिलं.

गुरुजी : तू ली मोजतेस. मी म्हणतो, ज्या जिल्ह्याला सगळे मागास म्हणतात, त्या जिल्ह्यातल्या पोराला एवढं तरी मिळू दे.

मी : मिळू दे ना. पण जे टिकेल ते मिळू दे. एका ग्रंथाची हकीकत सांगते. फ्लॉरेन्सच्या ग्रंथालयात एक लॅटिन बायबल आहे. वजन चौतीस किलोच्या घरात, हजाराहून जास्त पानं, आणि पानं कातड्याची, म्हणजे पाचशेहून जास्त वासरांची कातडी. कित्येक शतकं तो ग्रंथ इटलीचा म्हणून मिरवला, कारण अर्पणाच्या ओळीत लोम्बार्डांच्या पीटर नावाच्या मठाधिपतीचं नाव होतं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कोणी तरी ती ओळ बारकाईनं पाहिली. खालची अक्षरं खरवडून वर नवं नाव घातलेलं होतं. खालचं नाव निघालं इंग्लंडच्या चेओल्फ्रिथचं. वेअरमाउथ आणि जॅरो या जोडमठांचा तो प्रमुख. ७१६ साली म्हातारपणी हा ग्रंथ घेऊन तो रोमला निघाला आणि वाटेत फ्रान्समध्ये वारला. खोट्या नावानं इटलीचं काय भलं झालं? आणि ज्या मठानं तीन अशी बायबलं लिहून काढली, त्याचं श्रेय हजार वर्षं गेलं.

गुरुजी : हा तुझा तोच मठ. वर्गात सांगतेस तो.

तोच. त्या मठातला सातव्या-आठव्या शतकातला एक साधू इंग्रजीत बीड म्हणून ओळखला जातो. लॅटिनमध्ये तो स्वतःचं नाव बेडा लिहितो. आपल्याकडे मराठवाड्यातल्या जिल्ह्याशी गल्लत नको म्हणून मी बेडाच म्हणते. ह्यूएनत्संग ६६४ साली वारला. बेडाचा जन्म ६७२ किंवा ६७३चा. एकमेकांचं नाव कानावर पडण्याचाही संभव नव्हता, पण इतिहासलेखन शिकवताना मला हे दोघे शेजारी शेजारी ठेवावेसे वाटतात. एकानं सम्राटाची बंदी मोडून देश सोडला, वाळवंट आणि बर्फ तुडवलं, नालंदेत शीलभद्रांपाशी अध्ययन केलं आणि ६४५ साली ६५७ ग्रंथ घेऊन परतला. दुसऱ्याला सातव्या वर्षी नातलगांनी मठात आणून सोडलं. तो बासष्ट वर्षं जगला, आणि यॉर्क, लिंडिसफार्न अशा जवळपासच्या जागा सोडल्या तर कुठे गेला नाही.

मी : माझं म्हणणं एवढंच आहे, गुरुजी. आपल्या जिल्ह्याला ह्यूएनत्संग नको, बेडा हवा. येऊन गेलेल्या पाहुण्याच्या चार ओळींवर आपण दीडशे वर्षं भांडतो आहोत. कलिंगाहून आला, कोसलात थांबला, दक्षिणेला आंध्राकडे निघून गेला. इथल्या नदीचं नाव त्याच्या पुस्तकातून मिळत नाही, पिकाचं मिळत नाही, बोलीचं मिळत नाही. मिळते ती नागार्जुनाची कथा. राजपुत्रानं मस्तक मागितलं आणि त्यानं गवताच्या पात्यानं स्वतःची मान कापून दिली. बसून राहिलेला माणूस वेगळं लिहितो. समुद्राची भरती चंद्राशी बांधलेली आहे हे जुन्यांना ठाऊक होतं. पण एकाच किनाऱ्यावर एका बंदराला भरती लवकर येते, दुसऱ्याला उशिरा, आणि प्रत्येक बंदराचा फरक आपापला ठरलेला असतो, हे ७२५ सालच्या कालगणनेच्या ग्रंथात बेडानं लिहिलं. किनाऱ्यावर राहणाऱ्यालाच ते कळतं.

गुरुजी : मार्कंड्याला वैनगंगा उत्तरेकडे वळते, हे तिथल्या ढिवराच्या पोरालाही कळतं. त्यानं लिहिलं नाही, एवढंच. तुझ्या बेडाला लिहिता कसं आलं? पुस्तकं कोणी आणली?

मी : बेनेडिक्ट बिस्कॉपनं. मठाचा संस्थापक.

गुरुजी : कुठून आणली?

मी : रोमहून. पुन्हा पुन्हा जाऊन. पुस्तकं, चित्रं, गायन शिकवणारा माणूसही. खिडक्यांना काचा बसवणारे कारागीर गॉलमधून बोलावले.

गुरुजी : म्हणजे एक जण पायपीट करत राहिला म्हणून दुसरा बसू शकला. तू चालणाऱ्याला पाहुणा म्हणून हिणवतेस आणि बसणाऱ्याचं कौतुक करतेस. ह्यूएनत्संगानं ग्रंथ वाहून नेले नसते तर चीनमध्ये पुढची एकोणीस वर्षं बसून भाषांतर करायला त्याला तरी काय होतं? आपल्या इकडं बसणारे कमी नव्हते, बाई. पुस्तकं घेऊन येणारा कोणी नव्हता. माझ्या शाळेत एक कपाट होतं आणि त्याची किल्ली तपासणीच्या दिवशी निघायची.

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, आजही नाही. बेडाच्या मठात दोनशेच्या वर ग्रंथ असावेत असा अंदाज केला जातो. त्या काळच्या उत्तर युरोपात हे फार मोठं वैभव होतं. ते वैभव पायी आणि जहाजानं आलं. बेडा वारला तेव्हाही हे दिसतं. मे ७३५. श्वास लागत होता, पाय सुजले होते. शिष्य कुथबर्टनं त्या दिवसांचं पत्र लिहून ठेवलं आहे. योहानाचं शुभवर्तमान स्वतःच्या लोकांच्या बोलीत उतरवण्याचं काम चालू होतं आणि एक मुलगा सांगितलेलं लिहून घेत होता. दुपारी बेडानं आपली पेटी आणवली आणि आतल्या वस्तू मठातल्या धर्मगुरूंमध्ये वाटून टाकल्या. धूप, कापडाचे तुकडे आणि मिरी. ती मिरी केरळच्या मलबारातून गेलेली असणार. आपल्या पश्चिम किनाऱ्याच्या डोंगरात वाढलेला दाणा अरबी समुद्र ओलांडून, कुठल्या कुठल्या बाजारांतून, उत्तर समुद्रावरच्या एका झोपडीवजा खोलीत पोचला होता. गुरुजींना हे ऐकून फार आनंद झाला. आपल्याच बाजूचा पुरावा मिळाल्यासारखा त्यांनी तो ठेवून घेतला.

मी : बरं, पुस्तकं आणून दिली दुसऱ्यांनी. पण बेडानं त्यांचं काय केलं ते बघा. ७३१ साली त्यानं इंग्रज लोकांच्या धर्मसंस्थेचा इतिहास पुरा केला. पाच भाग. सुरुवातीलाच तो आपल्या राजाला सांगतो, हे मला कोणाकडून कळलं. कँटरबरीचा मठाधिपती आल्बिनस, त्याचे निरोप आणणारा लंडनचा नोथेल्म, ज्यानं रोमच्या दप्तरातली पत्रं उतरवून आणली. पश्चिमेकडचा बिशप डॅनियल, लास्टिंगहॅमचे साधू. प्रत्येक प्रांताचा साक्षीदार नावानिशी. चमत्कारांच्या गोष्टी त्यातही आहेत, पण कोणी सांगितली ते बरेचदा पुढे लिहिलेलं आहे. आज आपण ज्याला इसवी सन म्हणतो तो मोजायची युक्ती त्याच्या आधीच्या डायोनिसिअसची. पण अख्खा इतिहास त्या सनात बसवून दाखवला बेडानं, म्हणून ती रूढ झाली.

गुरुजी : म्हणजे माझ्या शाळेच्या प्रत्येक दाखल्यावर त्याचा हात आहे.

मी : आहेच.

गुरुजी : आता मी विचारतो. त्याच्या बेटावर त्याच्या लोकांच्या आधी कोणी राहत होतं की नाही?

मी : ब्रिटन लोक. वेल्सकडे रेटले गेले ते.

गुरुजी : त्यांच्याकडून कोण साक्षीदार आहे त्या पाच भागांत?

हा प्रश्न गुरुजी विचारणार, याची मला कल्पना होती. बेडाच्या पुस्तकातली मला सर्वांत खुपणारी जागा तीच आहे. चेस्टरच्या लढाईआधी बँगोरच्या मठातले ब्रिटन साधू आपल्या सैन्यासाठी प्रार्थना करायला उभे होते. राजा एथेल्फ्रिथनं आधी त्यांनाच कापून काढलं. बेडा सांगतो, सुमारे बाराशे. आणि हे सांगताना त्याला दुःख नाही. त्यांनी रोमच्या दूताचं ऐकलं नाही, शिक्षा मिळणार हे आधीच सांगितलं होतं, तसं झालं, असा त्याचा सूर आहे. मारणारा राजा तर ख्रिस्तीही नव्हता, मेलेले ख्रिस्ती साधू होते. इतक्या सावध, इतक्या दयाळू माणसाच्या लेखणीला तिथे पाझर फुटत नाही.

गुरुजी : आता आपल्याकडे ये. भामरागडच्या माडिया माणसानं आपल्या मेलेल्यासाठी दगड उभा केला. तो आपला इतिहास नाही का? वैरागडचा किल्ला, चांद्याचा परकोट, सगळं गोंड राजांचं. आणि त्यावर बोलणार कोण, तर मी आणि तू, मराठीत. बसून लिहिणारा माणूस ज्या ओसरीवर बसतो, त्या ओसरीच्या मालकाचं लिहितो. पाहुणा निदान कोणाचा मिंधा नसतो. ह्यूएनत्संगानं मराठी मुलखातल्या माणसांबद्दलही लिहिलं. उपकार विसरत नाहीत, अपमानाचा सूड घेतात. चांगलं तेही लिहिलं, वाईट तेही.

मी : मान्य. पण बेडाचं एवढंच पान वाचून त्याला मिटू नका. मरणाच्या आदल्या वर्षी, ७३४ साली, त्यानं यॉर्कच्या बिशपला, आपल्या शिष्याला, एक लांब पत्र लिहिलं. त्यात तो म्हणतो, डोंगरात आणि दाट रानात आपली कितीतरी गावं अशी आहेत की वर्षानुवर्षं तिथे बिशप फिरकलेला नाही, शिकवायला कोणी गेलेलं नाही. पण बिशपचा कर मात्र त्यातल्या एकाही गावाला चुकलेला नाही. आणि पुढे सांगतो, ज्यांना लॅटिन येत नाही त्यांना त्यांच्या बोलीत शिकवा, मी स्वतः तसं करून दिलं आहे. मठाच्या नावाखाली जमिनी लाटणाऱ्यांवरही त्यानं कोरडे ओढले आहेत. आजारी होता, यॉर्कला जाऊ शकत नव्हता, म्हणून पत्र लिहिलं.

गुरुजींनी हे दोनदा सांगायला लावलं. कर मात्र चुकला नाही, हे त्यांनी स्वतःशी पुटपुटून पाहिलं. एटापल्ली, भामरागड, सिरोंचा या बाजूच्या शाळांवर काम केलेल्या माणसाला त्या वाक्याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

गुरुजींची एक वही आहे, आणि आमचा खरा मतभेद तिच्यावरून झाला. निवृत्तीनंतर ते गावोगावच्या तलावांची माहिती लिहून काढत आहेत. माजी मालगुजारी तलाव, ज्यांना सगळे मामा तलाव म्हणतात, शिवाय लहान बोड्या. कोणत्या पिढीत खोदला, कोहळी समाजापैकी कोणी बांधला, पाळीवर देव कोणता, पाणी वाटायचा नियम काय, गोंडीत त्या जागेला काय म्हणतात. माझ्या मते आपल्या भागाबद्दल कित्येक वर्षांत झालेलं हे सर्वांत मोलाचं काम आहे, आणि वैरागडच्या फलकापेक्षा ते शंभर पटींनी मोठं आहे. पण वहीत सांगणाऱ्याचं नाव कुठेच नाही.

मी : हीच गोष्ट मला पटत नाही. बेडाकडून एकच घ्यायचं असेल तर हे घ्या. नाव लिहा. गाव लिहा, वय लिहा, कोणाकडून ऐकलं ते लिहा. नाही तर उद्या कोणीही म्हणेल, मास्तरांनी घरी बसून रचलं.

गुरुजी : कँटरबरीच्या मठाधिपतीचं नाव लिहायला काय जातं? माझ्याशी बोललेला म्हातारा धानोऱ्याच्या आतल्या बाजूचा आहे. तीस-चाळीस वर्षं तिथल्या माणसानं कोणाशी बोलावं याची भीती बाळगली. रात्री नक्षल्यांचं दलम येणार, दिवसा पोलीस येणार, आणि दोघंही विचारणार, परवा घरी कोण आलं होतं? काय लिहून नेलं? खबऱ्या म्हणून किती माणसं गेली ते तुला माहीत आहे. तलावाची माहिती सांगताना तो रस्ता सांगतो, कोणाचं शेत कुठे ते सांगतो, कोणाचा मुलगा कुठे गेला तेही बोलता बोलता सांगतो. त्याखाली त्याचं नाव घालू?

मी : आता दिवस पालटले आहेत.

गुरुजी : तू गडचिरोलीत राहतेस म्हणून म्हणतेस. भीती निघायला दिवस लागतात.

मी : मग नावांची वेगळी वही ठेवा. छापताना गाव द्या. नाव मागे राहू दे. पण ते कुठे तरी राहू दे.

गुरुजी : आणि ती वही ठेवणार कोणाकडे? तुझ्या महाविद्यालयात? उद्या कोणी मागितली तर ते नाही म्हणतील?

इथे गुरुजींनी मेंढा लेखाचं नाव काढलं. धानोरा तालुक्यातलं हे गोंडांचं छोटं गाव. २००९मध्ये वनहक्क कायद्याखाली सामूहिक हक्क मिळवणाऱ्या देशातल्या पहिल्या गावांपैकी एक. सुमारे १८०० हेक्टर जंगल. पण तो हक्क मिळायच्या कितीतरी आधीपासून देवाजी तोफा, मोहन हिराबाई हिरालाल आणि गावकरी तिथे अभ्यासगट चालवत होते. जंगलाचा कायदा, मधमाश्या, गावाचा कारभार, विषय पडेल त्यावर माणसं बसायची, बाहेरून जाणकार बोलवायची, त्याला प्रश्न विचारायची. निर्णय मात्र गाव घेणार, आणि तोही सर्वांच्या सहमतीनं. गुरुजींच्या मते, बसणारा आणि चालणारा हा माझा सगळा वाद तिथे निकालात निघाला आहे. येणारा येऊन सांगून जातो, बसणारं गाव असतं, आणि लिहायचं काय हे गाव ठरवतं. नावांची वही अशा ग्रामसभेकडेच ठेवायला ते तयार आहेत. ज्याचं नाव, त्याच्याच गावात.

मी : ठेवा. पण सहमतीनं जंगल राखता येतं, इतिहास नाही. एक म्हातारी म्हणाली तलाव कोहळ्यानं बांधला, दुसरी म्हणाली गोंड राजाच्या काळी आमच्या लोकांनी खोदला, तर ग्रामसभा काय करेल? दोघींना बसवून एक गोष्ट ठरवेल. मग दुसरी गोष्ट गेलीच. तुम्ही ब्रिटनांच्या साक्षीदाराबद्दल विचारलंत, तो असाच गेला.

गुरुजी : ठरवणार नाहीत. दोन्ही लिहू म्हणतील.

मी : म्हणतीलच कशावरून?

गुरुजी : विचारल्याशिवाय कळेल कसं? पुढच्या महिन्यात जातो आहे मी. तू येणार असशील तर तो प्रश्न तूच मांड, आणि मराठीत मांडू नकोस. गोंडी बोलणारं पोर आहे ना तुझ्या वर्गात? त्याला घेऊन ये. तो विचारेल, आणि लिहीलही तोच.

मी : त्याचं नाव वहीत येईल?

गुरुजी : ते त्याला विचार.